पहिल्या धारेचा हिशोब

वऱ्हाडातल्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर एक बातमी वर्षानुवर्षे ठरावीक शब्दांत छापून येते. नाल्याच्या काठी हातभट्टीवर छापा, अमुक इतके लिटर ‘सडवा मोहामाच’ जागीच नष्ट, जर्मनची भांडी आणि प्लॅस्टिकच्या कॅन जप्त, कलम ६५ खाली गुन्हा. गावाचे नाव आणि लिटरचा आकडा तेवढा बदलतो. सडवा म्हणजे आंबत ठेवलेला माल. ‘मोहामाच’ हा शब्द कोशात शोधून उपयोग नाही, तो पंचनाम्याच्या मराठीतला आहे. पुण्या-मुंबईच्या पुरवण्यांत गेली काही वर्षे दुसऱ्याच भट्टीच्या बातम्या येतात: नवी मायक्रोब्रुअरी उघडली, जुनी बंद पडली, कोणी आंब्याची बिअर काढली, कोणी मधाचे मद्य. तिथे भट्टी गिऱ्हाइकाला दिसावी म्हणून काचेआड मांडतात. इथे ती कोणाला दिसू नये म्हणून नाल्यात उतरवतात. या दोन बातम्या दोन वेगळ्या जगांतल्या आहेत, एक गुन्ह्याची आणि दुसरी हौसेची, असे आपण धरून चालतो. माझ्या मते त्या एकाच इतिहासाची दोन टोके आहेत. जळगाव जामोद तालुक्यापुरता हा इतिहास पाहिला, तर गेल्या दीडशे वर्षांत इथल्या भट्ट्या उघडल्या आणि मिटल्या त्या दारू चांगली की वाईट, लोक जास्त पितात की कमी, यावरून फारशा नाहीत. सरकारी कारकुनाला ती दारू मोजता येते की नाही, यावरून बहुतेक निर्णय झाले. आणि प्रत्येक निर्णयागणिक भट्टी मोहाच्या झाडापासून आणखी लांब गेली.

खानदेशातल्या मोठ्या जळगावशी घोळ होऊ नये म्हणून शेजारच्या जामोदचे नाव लावून ओळखले जाणारे हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. तालुक्याच्या दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, कपाशीची जमीन. उत्तरेला डोंगर आणि डोंगरापलीकडे बऱ्हाणपूरचा मुलूख. जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशा पायथ्याच्या गावांतून निहाल लोक राहतात. त्यांची निहाली भाषा कोणत्याही ज्ञात भाषाकुळात बसत नाही, त्यामुळे जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांना हा तालुका ठाऊक आहे. महाराष्ट्रात तो फारसा कोणाला ठाऊक नाही, हे जाता जाता. त्यांच्या जोडीला कोरकू, भिलाला, बारेला. डोंगरातले पिकाचे गणित पावसावर, आणि पाऊस हुकला तरी न चुकणारे पीक म्हणजे मोह. फाल्गुन-चैत्रात पहाटेच्या सुमारास फुले गळतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून किंवा जाळून जमीन साफ केलेली असते. उजाडता उजाडता बायका-पोरे टोपल्या घेऊन वेचायला बसतात. ही मांसल, पिवळट फुले अंगणात वाळवली की तपकिरी होतात, मनुकांसारखी आक्रसतात आणि वर्षभर टिकतात. ती भाजून खातात, पिठात मिसळतात, गुरांना घालतात, बाजारात मीठ-मिरचीच्या बदल्यात देतात. दारू हा त्यांचा एक उपयोग झाला, एकमेव नव्हे. वाळली फुले मडक्यात पाण्यात भिजत घातली की उन्हाळ्यात चार-सहा दिवसांत फसफसून आंबतात. मग चुलीवर ते मडके, त्यावर दुसरे भांडे, सांधे मातीने लिंपलेले, आणि सगळ्यांत वर थंड पाण्याचे भांडे. पाणी तापले की बदलायचे. वाफ निवते, थेंब आतल्या भांड्यात साठतो किंवा बांबूच्या नळीतून बाहेर येतो. पहिली धार सर्वांत कडक. ती कडक आहे की नाही हे पाहायचे तर विस्तवावर थोडी शिंपडायची. भडका उडाला की झाले. मराठीत अस्सल वस्तूला ‘पहिल्या धारेची’ म्हणतात तो शब्द याच चुलीपाशी जन्मला. जन्म, लग्न, मर्तिक, देवाचे देणे अशा प्रसंगी पहिले थेंब जमिनीवर सांडून मगच ती प्यायची. विकण्याचा प्रश्न त्यात नंतर आला.

तो आला आबकारीबरोबर. हा शब्द फारसी, आणि निजामाच्या अमलात दारू गाळण्या-विकण्याचा हक्क परगण्यापरगण्याने मक्त्याने दिला जाई. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाला, तरी पुष्कळ काळ हीच रीत वेगळ्या नावाने चालली. इंग्रजी दप्तरात तिला ‘आउटस्टिल’ म्हणत: एका जागी एक भट्टी, तिचा लिलाव, आणि लिलाव घेणाऱ्या कलालाने दरमहा ठरलेली रक्कम भरायची. मग त्याने दहा मडकी गाळली काय किंवा शंभर, सरकारला कर्तव्य नाही. या व्यवस्थेची खूण मराठीत अजून आहे. ‘गुत्ता’ म्हणजे मुळात ठेका, मक्ता. पण आज दारूचा गुत्ता म्हटले की कोणाच्या डोळ्यांपुढे लिलावाचा कागद येत नाही, बाकडी आणि ग्लास येतात. करार हरपला, जागा उरली. या काळाबद्दल हळवे होण्याचे कारण नाही. ठरलेली रक्कम भरल्यावर पुढचा प्रत्येक पेला कलालाच्या निव्वळ नफ्याचा, म्हणून तो दारू स्वस्त करून जास्तीत जास्त खपवणार हे उघड होते, आणि बंगालमध्ये १८८०च्या दशकात याच कारणावरून आउटस्टिलविरुद्ध मोठी ओरड झाली होती. डोंगरातला कोरकू किंवा भिलाला कलालाकडे फुले घालून दारू उचलू लागला आणि बाकी खात्यावर मांडली जाऊ लागली. म्हणजे झाडाखालची चूल बेकायदा ठरली ती याच वेळी, कोणत्याही दारूबंदीच्या कितीतरी आधी. भट्टी गावातच होती, फुले त्याच रानातली होती. पण गाळण्याचा हक्क आता विकत घ्यायचा झाला होता. झाडापासूनचे पहिले अंतर ते इथे पडले.

दुसरे अंतर मोजमापाने पाडले. मुंबई इलाख्यात १८७८च्या आबकारी कायद्याने सुटी भट्टी मोडून मध्यवर्ती भट्टीवर भर दिला; एका आवारात सगळ्यांनी गाळायचे, फाटकावर शिपाई, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गॅलनवर तिच्या कडकपणानुसार कर. एवढ्यानेही भागेना, तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी १८९२ साली मोहाच्या फुलांवरच कायदा केला गेला. फुले बाळगणे हाच संशयाचा विषय झाला. वऱ्हाडावर मुंबईचा कायदा चालत नव्हता, पण वारा तोच होता: सपाटीवर मध्यवर्ती भट्ट्या, डोंगराच्या कडेला नाइलाजाने आउटस्टिल. १९०५-०६च्या अखिल भारतीय आबकारी समितीने आउटस्टिल हळूहळू मोडून ठेकेदार भट्टीवाल्याकडून साऱ्या मुलखाला पुरवठा करण्याची पद्धत उचलून धरली. वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला होता, जळगाव तालुका १९०५च्या फेररचनेत अकोल्यातून बुलढाण्यात आला होता, आणि १९१५च्या मध्य प्रांत आबकारी कायद्याने ही घडी पक्की केली. या सगळ्याच्या मुळाशी एक काचेची किंवा पितळेची नळी होती. सायक्स नावाच्या इंग्रजाचे हायड्रोमीटर १८१६ पासून ब्रिटनमध्ये सरकारी माप ठरले होते. ते दारूत सोडले की ‘प्रूफ’च्या किती वर किंवा खाली हे कळायचे. प्रूफ ही कल्पनाही गमतीची: बंदुकीची दारू मद्यात भिजवायची आणि पेटते का पाहायचे. मराठीत दोन्हींना दारूच म्हणतात, त्यामुळे आपल्याला हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही. म्हणजे सातपुड्यातली बाई आणि लंडनचा आबकारी साहेब कडकपणा एकाच रीतीने, विस्तवावर, पारखत होते. फरक असा की तिच्या परीक्षेचा आकडा रजिस्टरात लिहिता येत नव्हता. महाराष्ट्रात आज विकल्या जाणाऱ्या देशी दारूच्या कडकपणाचा हिशोब पंचवीस अंश ‘अंडर प्रूफ’ असा केला जातो, म्हणजे सुमारे ४२.८ टक्के अल्कोहोल. साहेब गेला, त्याची पट्टी राहिली.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. सरकारचे जाहीर धोरण महसुलाचे नव्हतेच, असे कागदपत्रांवरून म्हणता येते. सप्टेंबर १९०५च्या ठरावात हिंदुस्थान सरकारने स्वच्छ म्हटले होते की न पिणाऱ्याला मोह पडू नये, पिणाऱ्याने अति करू नये हे आपले ध्येय, आणि महसुलाचा विचार त्यापुढे गौण. ठराव खोटा होता असे मी म्हणणार नाही. लिहिणाऱ्यांपैकी काहींना ते मनापासून वाटत असेल. पण धोरण पारखायचे ते शब्दांवरून नव्हे, ते राबवताना काय टिकवले आणि काय सोडले यावरून. घरगुती, सणापुरते गाळणे हे सर्वांत कमी मोहात पाडणारे होते. ते सर्वांत आधी गेले. दुकाने मात्र राहिली, कारण दुकानाचा लिलाव होतो. १९२१ पासून आबकारी हे खाते प्रांतातल्या मंत्र्यांच्या हाती आले आणि त्याच मंत्र्यांच्या हाती शिक्षणही आले. दारूच्या पैशावर शाळा चालवायच्या, हा पेच तेव्हाचा. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेच्या सुमारास गांधीजी याच पेचावर बोट ठेवत होते. त्यांच्या शिक्षणयोजनेत हातकामातून शाळेचा खर्च निघावा हा जो आग्रह होता, त्यामागे दारूच्या उत्पन्नाला पर्याय शोधण्याची निकड होती. काँग्रेस मंत्रिमंडळाने १९३८ साली मध्य प्रांत-वऱ्हाडात दारूबंदी सुरू केली तीही सगळीकडे नव्हे. सागर, नरसिंहपूर, अकोट तालुका आणि बडनेऱ्यासारखी काही औद्योगिक ठिकाणे. अकोट म्हणजे तेव्हाच्या जळगाव तालुक्याचा पूर्वेचा शेजारी. शेजारचा तालुका कोरडा आणि आपला ओला, ही स्थिती या मुलखाने तेव्हापासून पाहिली आहे. तिजोरीला झेपेल तेवढीच नीती, हे त्या आखणीतून दिसते. त्याबद्दल त्या मंत्र्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्यापुढे दुसरा पैसा नव्हता. पण महसूल गौण होता असे मात्र म्हणता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास गावोगावच्या जाणत्यांना माहीत आहे, म्हणून तो थोडक्यात. मुंबई राज्याने १९४९चा दारूबंदी कायदा केला. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५९ साली तो कायदा विदर्भालाही लागू झाला. साठच्या दशकात वसंतराव नाईकांच्या सरकारने बंदीची पकड परवान्यांच्या वाटेने सैल करायला सुरुवात केली. ‘परमिट रूम’ हा अस्सल मराठी शब्द या तडजोडीचे अपत्य. १९७३ साली देशी दारूचे नियम आले. कारण पटण्याजोगे दिले जात असे: बंदीमुळे हातभट्टी बोकाळली, माणसे मरतात, त्यापेक्षा गरिबाला स्वस्त आणि तपासलेली दारू मिळू दे. पण गरिबाची म्हणून जी ‘देशी’ आली ती कशाची होती? मोहाची नव्हती, ताडी-माडीची नव्हती, ज्वारीची नव्हती. साखर कारखान्यांतल्या मळीपासून काढलेले स्पिरिट, त्यात पाणी, रंग, वास, आणि बाटली. जळगाव जामोदच्या डोंगरात ऊस नाही आणि तालुक्याला रेल्वेही नाही. नांदुऱ्याहून सडकेने माल यायचा. मळी मुख्यतः पश्चिम महाराष्ट्राची, डिस्टिलरी तिकडची, बाटली इकडची. झाड आणि भट्टी यांतले अंतर आता काही शे किलोमीटर झाले होते, आणि तरी तिचे नाव ‘देशी’ पडले. ‘गावठी’ हा शब्द याच वाटेने शिवी झाला: गावात झालेली ती हलकी, कारखान्यात झालेली ती देशी, आणि मळीच्याच स्पिरिटला व्हिस्कीचा वास लावला की ‘इंग्लिश’. मोजमाप जिंकले याचा याहून चांगला पुरावा शोधूनही सापडणार नाही. ४२.८ टक्क्यांची मळीची दारू परवान्यात बसते आणि घरातली पहिली धार बसत नाही, तेव्हा निकष कडकपणाचा नाही, हे मान्य करावे लागते.

हा निकष किती कृत्रिम आहे हे पाहायचे तर तालुक्याची उत्तर सीमा पाहावी. सातपुड्याच्या माथ्यावरून राज्याची हद्द जाते. १९५६ पर्यंत दोन्ही उतार एकाच राज्यात होते आणि दोन्हींवर १९१५चा तोच आबकारी कायदा होता. पलीकडे तो आजही आहे. ‘मध्य प्रदेश आबकारी कायदा, १९१५’ म्हणतात तो हाच. पंचायतींचा ‘पेसा’ कायदा १९९६ साली आल्यावर मध्य प्रदेशाने या आबकारी कायद्यात अनुसूचित क्षेत्रांसाठी खास तरतुदी घातल्या: आदिवासींना घरगुती वापरापुरती, सण-समारंभापुरती दारू गाळण्याची मोकळीक, विकण्याची नाही, आणि नियंत्रण ग्रामसभेकडे. हद्दीच्या अलीकडे, महाराष्ट्रात, मात्र मुंबईचा कायदा आला, तोही १९४९ साली आखलेला, किनारपट्टी आणि देशावरचे प्रश्न डोळ्यांपुढे ठेवून. २०१२ साली त्याच्या नावातल्या ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आले, गाभा तोच राहिला. ‘पेसा’ महाराष्ट्रातल्या तेरा जिल्ह्यांत लागू आहे. शेजारच्या अमरावतीतले मेळघाट त्यात आहे, बुलढाणा नाही. म्हणजे जळगाव जामोदच्या डोंगरातल्या कोरकू कुटुंबाला ना पलीकडच्या राज्याची मोकळीक, ना शेजारच्या जिल्ह्यातल्या ग्रामसभेचा अधिकार. माणसे तीच, नात्यागोत्यांची, लग्ने हद्दीच्या आरपार होणारी. वऱ्हाड जुन्या मध्य प्रदेशातून बाहेर पडला तेव्हा कोणाच्या मनातही नसलेला हा परिणाम.

आता त्या दुसऱ्या बातमीकडे वळू. २००१ साली महाराष्ट्राने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि वाइनवरचे उत्पादन शुल्क पुढची कित्येक वर्षे माफ केले. युक्तिवाद शेतकऱ्याचा होता: द्राक्ष नाशवंत, भाव पडतो, मूल्यवर्धन झाले पाहिजे. युक्तिवाद योग्यच होता, नाशिकच्या वाइनरी त्यातून उभ्या राहिल्या. पण यातला मूल्यवर्धनाचा मुद्दा मोहाला जसाच्या तसा लागू पडतो, आणि तो वीस वर्षे कोणाला सुचला नाही. पुढे २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ या नावाने राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली. नावाची गंमत सांगण्यासारखी आहे. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत कुजलेल्या गोऱ्या शिपायांची डोकी फिरत, म्हणून इंग्रजीत डोके फिरल्याला ‘डूलाली’ म्हणू लागले; मराठी गावाचे नाव असे इंग्लंडला जाऊन बिअरच्या पेल्यावर परत आले. त्यामागोमाग पुण्या-मुंबईत बऱ्याच ब्रुअऱ्या निघाल्या. काही टिकल्या, काहींनी जागा बदलल्या, काही गेल्या. ‘डूलाली’नेही पुढे मुक्काम मुंबईत हलवला. एप्रिल २०१७ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरांच्या आतली मद्यविक्री सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबली तेव्हा देशभर बारना टाळे लागले, आणि काही महिन्यांनी पालिका हद्दीतल्यांना सूट मिळताच ते उघडले. २०२०च्या टाळेबंदीत टाकीतली ताजी बिअर ओतून देण्याची पाळी आली, तेव्हा ती बाटलीत भरून घरी नेऊ देण्याची परवानगी सरकारने दिली. या उघडझापेकडे नीट पाहिले की तीच नळी दिसते: परवान्याची फी, टाकीवरचे माप, किती लिटर निघाले याची नोंद. छोटी भट्टी, जागेवर बनवणे, जागेवर पिणे, चार दिवसांत संपवणे हे सगळे आउटस्टिलचेच आहे. मात्र इथे माप आधीच बसवलेले आहे, म्हणून ती चालते. बाकी माल्ट बहुतांशी परदेशाचा, हॉप्स तर महाराष्ट्रात पिकतच नाहीत. झाड आणि भट्टी यांतले अंतर जोखायचे तर ‘स्थानिक बिअर’ या शब्दातला ‘स्थानिक’ फक्त काचेच्या आत आहे. ती वाईट असते असे नव्हे. पण आपण कशाला स्थानिक म्हणतो हे एकदा पाहावे.

दुसरा आक्षेप आरोग्याचा: हातभट्टीने माणसे मरतात. मरतात हे खरे. २००४ साली विक्रोळीत, २०१५च्या जूनमध्ये मालवणीत शंभराहून अधिक माणसे मेली. पण ती मोहाने मेली नाहीत. मालवणीत मारणारे होते मिथेनॉल, कारखान्यांत वापरायचे रसायन, भेसळीने पेल्यात आलेले. फुले आंबवून गाळलेल्या दारूत मिथेनॉलचे प्रमाण तसे थोडे असते. घात होतो तो व्यापार लपवावा लागतो तेव्हा, घाई, तुटवडा आणि नफा एकत्र आले की. वऱ्हाडातल्या छाप्यांत आज मोहाबरोबर काळा गूळ आणि नवसागर सापडतो. नवसागर हा काही आदिवासींच्या जुन्या कृतीचा भाग नव्हे, तो चोरट्या धंद्याचा मसाला आहे. तपासून परवाना देता येत नाही म्हणावे तर गोव्याकडे बोट दाखवता येते. काजूची फेणी आजही भाण आणि लावणी घेऊन बागेतल्या भट्टीवर गाळली जाते. भट्टीवाला हंगामाचा परवाना घेतो, सरकार विभाग लिलावाने देते. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ साली तिला वारशाचे पेय जाहीर केले गेले. गोव्याच्या या घडीत भांडणे नाहीत असे नाही, पण लहान भट्टी मोजता येत नाही हे म्हणणे तिथे टिकत नाही. मोजायला माणूस पाठवायचा की पोलीस, एवढाच प्रश्न उरतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. दारूबंदी आदिवासींवर बाहेरून लादली गेली, हे अर्धेच खरे आहे. १९२२च्या सुमारास दक्षिण गुजरात, ठाणे, नाशिक, खानदेश या पट्ट्यात देवीच्या चळवळीत आदिवासींनी आपणहून दारू सोडली. १९३०च्या दशकात याच सातपुड्याच्या पश्चिम टोकाला, तळोद्याकडे, गुलाम महाराजांच्या आरतीला जमलेल्या हजारो भिलांनी दारू टाकली. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीनंतर १९९३ साली जिल्हा कोरडा झाला. गावातल्या बायकांनी मतदान करून ‘आडवी बाटली’ निवडली की दुकान बंद, ही २००८ची तरतूदही राज्यात अनेक ठिकाणी बायकांनी स्वतः वापरली आहे. मार खाणारी तीच, उपाशी पोरे सांभाळणारी तीच. तिच्यापुढे ‘वारसा’ हा शब्द उच्चारताना कोणालाही लाज वाटली पाहिजे. पण या चळवळी कशाविरुद्ध होत्या ते नीट पाहायला हवे. देवीच्या चळवळीचा रोख मक्तेदाराच्या दुकानावर आणि त्याच्या खातेवहीवर होता. आडव्या बाटलीचे मतदान परवान्याच्या दुकानासाठी असते. बेकायदा भट्टीला मत लागत नाही, तिला पोलीस लागतात. म्हणजे लोकांनी बंद करा म्हटले ती बहुतेक वेळा तीच दारू, जी सरकारने मोजली आणि विकली होती. आणि लोकांनी केलेली बंदी व तिजोरीने केलेली बंदी यांत आणखी एक फरक आहे. पहिलीत ‘नको’ म्हणणाऱ्याला पुढे ‘हवी’ही म्हणता येते, दुसरीत त्याला कोणी विचारलेलेच नसते. डोंगरातल्या ग्रामसभेने आपल्या हद्दीत एकही भट्टी नको असे ठरवले, तर ते माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही. त्यांनी ठरवावे, एवढेच म्हणणे आहे. बुलढाण्यातल्या ग्रामसभेला आज ते ठरवण्याचा ‘पेसा’चा अधिकार नाही.

गेल्या काही वर्षांत वारे फिरल्यासारखे दिसते. २०२१ साली महाराष्ट्राने मोहफुले गोळा करणे, साठवणे, वाहून नेणे यांवरचे जुने निर्बंध उठवले. २०२२ साली काजूबोंडे आणि मोहफुले यांच्यापासून मद्य करण्याचे धोरण मंत्रिमंडळाने मान्य केले, आणि मोहाच्या मद्याला देशीच्या रांगेतून काढून वरची पायरी दिली. त्याच सुमारास मध्य प्रदेशाने आदिवासी बचत गटांकडून गाळलेले ‘हेरिटेज’ मद्य बाजारात आणले. अलीराजपूरचे ‘मोंड’, दिंडोरीचे ‘मोहुलो’. खासगी कंपन्यांच्या सुबक बाटल्याही आल्या आहेत. हे स्वागतार्ह आहे, पण यातून कोण भट्टी उघडू शकेल हे इतिहास पाहिल्यावर सांगता येते: ज्याला टाकी, मापक, बाटलीबंद यंत्र आणि परवान्याची फी परवडते तो. फुले वेचणारी बाई या साखळीत पुन्हा कच्चा माल देणारी ठरेल, जशी ती १८७०च्या सुमारास कलालाला देत होती. ते टाळायचे असेल तर सणापुरत्या घरगुती गाळण्याला सीमेपलीकडच्यासारखी मोकळीक आणि ग्रामसभेला नियंत्रणाचा अधिकार या दोन गोष्टी आधी हव्यात; बाटली आणि मानांकन मागाहून आले तरी चालेल. सध्या जळगाव जामोदच्या डोंगरात कायद्याची स्थिती अशी आहे: वेचलेले फूल वनोपज असते, अंगणात वाळवले तरी वनोपज असते, बाजारात नेले तरी वनोपज असते. दारूसाठी पाण्यात भिजत घातले की तो सडवा होतो, आणि पंचनाम्यात त्याची नोंद मुद्देमाल म्हणून होते.